सहा गुणांचा बघ्या

"मरायला कुणाला पाठवायचं, तेवढं आज ठरवून टाकू," असं म्हणत बारक्याने जेवणाच्या टेबलावर नऊ सोंगट्या रांगेने मांडल्या. समोर बसलेल्या आत्याने चष्मा पुसायला घेतला. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

बारक्या हे नाव लहानपणी पडलेलं. आता तो चव्वेचाळीस वर्षांचा आणि ब्याण्णव किलोंचा होता. एका बस कंपनीत हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर बसायचा आणि रविवारी क्लबात महावीरांचा खेळ खेळायचा. बोटभर उंचीचे उडणारे नि आग ओकणारे वीर, चौकोन आखलेला, दारं-खिडक्या असलेला पट आणि दोन फासे. जोड्यांच्या स्पर्धेत तो सलग पाच वर्षं अंतिम फेरीत पोचला होता आणि पाचही वेळा त्याला एकाच माणसाने लोळवलं होतं. तो माणूस म्हणजे त्याच्याच ऑफिसातले साहेब. हरवून भागत नसे. सोमवारी चहाच्या वेळी साहेब अख्ख्या ऑफिसला खेळ खेळून दाखवत, बिस्किटं मांडून. त्यातलं मोडकं बिस्किट म्हणजे बारक्या. यंदा साहेबांना हरवायचंच, मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर, अशी त्याने शपथ घेतली होती.

आभाळ जागेवर राहिलं, पण अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधी त्याच्या जोडीदाराने, म्हणजे शेजारच्या शिंप्याने, एकट्याने फ्रिज सरकवला आणि कंबर धरून बसला.

"तू येतेस का गं?" त्याने बायकोला विचारलं.

"मी? त्या बाहुल्यांशी खेळायला? आत्यांना न्या. बसून बसून कंटाळल्यात त्या."

आत्या डोळे तपासायला चार दिवस आली होती. तीस वर्षं मोठ्या इस्पितळात मेट्रन. सत्तर नर्सांच्या पाळ्या लावायची आणि तिच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा चपला वाजवत चालत नसत.

"हे बघ आत्या," बारक्या समजावू लागला, "संघ तीनशे गुणांचा. हा आपला महावीर एकटाच दोनशे सत्तरचा. उरले तीस. तेवढ्यात स्वस्तातली माणसं घ्यायची आणि दारात उभी करायची. शत्रू त्यांना मारत बसला की महावीर मागून जाऊन ठोकतो."

"आणि ती दारातली माणसं?"

"मेली तर मेली. त्यासाठीच असतात."

आत्याने सगळ्यात लहान सोंगटी उचलली. "हा कोण?"

"बघ्या. सहा गुण. काही येत नाही त्याला, नुसता उभा राहतो."

"उभा राहतो म्हणजे येतं की. हा गुंड मात्र नको हं. डोळे बघ कसे तारवटलेत."

"अगं, पाच गुणांत मिळतोय तो!"

"फुकट मिळाला तरी नको. माझ्या वॉर्डात पिऊन आलेला चालत नाही."

गुंड गेला तशी बारक्याची सगळी बेरीज कोलमडली. दोन तास डोकं खाजवून शेवटी चौघं ठरले: बघ्या सहा, पोस्टमन सात, फोटोग्राफर आठ आणि वॉचमन नऊ. आत्या पेन्सिल घेऊन नियमांचं पुस्तक वाचत बसली. बारक्याला बरं वाटलं. म्हातारी मनावर घेतेय, असं त्याला वाटलं.

रविवारी क्लबात साहेब आपल्या मेहुण्याला घेऊन आले होते. "काय बारक्या, यंदा आत्याबाईंना पुढे केलंस?" साहेब हसले, मेहुणा त्याहून जोरात हसला. नियम साधे होते. जोडीतल्या दोघांनी आळीपाळीने चाल करायची. जोडीदाराशी बोलायचं नाही, बोललात तर एक चाल बाद. तासाभराने घंटा होईल, तेव्हा जो समोरच्याचे जास्त गुण बाद करेल तो जिंकला.

पहिली चाल बारक्याची. त्याने बघ्याला दारात उभं केलं. साहेबांच्या राक्षसाने येऊन त्याला एक ठोसा हाणला. झकास! आता आणखी एक ठोसा खाऊन हा मरणार, तोवर महावीर मागच्या खिडकीतून...

आत्याने बघ्याला उचललं, थेट मागच्या रांगेत, त्याच्या मूळ जागी नेऊन ठेवलं आणि त्याच्या जागी पोस्टमन आणला.

बारक्या खोकला. आत्याने पर्समधून खोकल्याची गोळी काढून त्याच्यापुढे सरकवली.

पुढे तेच. पोस्टमनला लागलं, पोस्टमन मागे. वॉचमन आला, त्याला लागलं, तोही मागे. बारक्या महावीराला खिडकीकडे न्यायचा आणि आत्या पुढच्या चालीला त्याचा कान धरून आणावा तसा त्याला परत आणायची. एकदा तर तिने दोनशे सत्तर गुणांचा तो महावीर दारात नेऊन उभा केला! दारात! वॉचमनच्या जागी! बारक्याने टेबलाखाली स्वतःच्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. रागाच्या भरात त्याने पुढच्या चालीला हाताशी सापडलेल्या, साहेबांच्या संघातल्या, पुढे सोडून दिलेल्या बघ्यालाच महावीराकडून उडवलं.

"अरेरे, त्या बिचाऱ्याने काय केलं होतं?" आत्या उद्गारली. एक चाल बाद.

तेवढ्यात साहेबांचं लक्ष मागच्या रांगेकडे गेलं. "थांबा! हा तुमचा बघ्या पुन्हा धडधाकट कसा? त्याला तर मी ठोसा हाणला होता!"

आत्याने पुस्तक उघडून पुढे केलं. "पान बावीस. मूळ जागेवर एक पाळी स्वस्थ बसलं की एक घाव भरून येतो."

हा नियम क्लबात आजवर कुणी वाचलेलाच नव्हता. साहेबांनी पान उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांचा राक्षस चवताळून दारावर धडका देत सुटला, पण दरवेळी समोर ताजातवाना माणूस. मरायच्या आत प्रत्येकाची पाळी संपत होती. आणि घंटा झाली.

पंचांनी पट पाहिला, कागद पाहिला, पुन्हा पट पाहिला. "साहेबांनी बाद केलेले गुण, शून्य. आत्याबाईंच्या जोडीने, सहा."

बारक्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो आत्याला उचलायला धावला, पण तिने नुसतं बघितलं आणि तो जागीच थांबला.

घरी परतताना आत्या म्हणाली, "हे तुझे साहेब. ऑफिसात लोक भांडायला येतात तेव्हा कुठे असतात?"

"आत, केबिनमध्ये. मला फोन करून सांगतात, बाहेर गेलेत म्हणून सांग."

"म्हणजे रोज तू एकटाच? किती वर्षं?"

"अकरा."

"आणि पाळी नाही बदलत तुमच्याकडे?"

बारक्या हसायला गेला, पण हसू काही आलं नाही.

सोमवारी चहाला बिस्किटं आली नाहीत. केबिनचं दार सकाळपासून बंद. साडेअकराला एक धिप्पाड बाई आपल्या दोन भावांसकट काउंटरवर येऊन आदळली. तिची ट्रंक तिसऱ्यांदा भलत्याच गावी गेली होती.

"कुठंय तुमचा साहेब?" तिने काउंटरवर असा हात आपटला की पेनस्टँड आडवा झाला. तेवढ्यात फोन वाजला. बारक्याने उचलला. पलीकडून दबका आवाज आला, "बाहेर गेलेत म्हणून सांग."

बारक्याने फोन खाली ठेवला. मग खुर्ची मागे सरकवून तो वाटेतून बाजूला झाला.

"साहेब आत आहेत," तो म्हणाला. "दार नुसतं लोटलंय."

तिघं आत घुसली. आतून पहिला आरडाओरडा आला, तेव्हा बारक्याने कपात चहा ओतला आणि आपल्या जागेवर एक पाळी स्वस्थ बसला.