उंबरा मोजणारे तात्या

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला शेजारचे विष्णुतात्या सगळ्यांत आधी आले आणि सगळ्यांत शेवटी आत शिरले. मधला वेळ ते दारात उकिडवे बसून आमचा उंबरा मोजत होते. मुलाकडच्यांना वाटलं, आमच्याकडे असा काही विधी असेल. त्यांनी उंबऱ्याला वाकून नमस्कार केला.

"रस्त्यापास्नं दोन फूट तीन इंच," तात्या म्हणाले. "बरा हाय."

तात्या फौजेत नकाशे काढायचे. रिटायर होऊन सांगलीत आले, लॅपटॉप घेतला आणि कृष्णा किती चढली तर कुणाच्या घरात पाणी शिरेल, हे कॉम्प्युटरवर दाखवू लागले. लग्न असो की मयत, आधी उंबरा. "पानी आदी उंबऱ्याला कळतं, मग मानसाला," हे त्यांचं ठरलेलं. घरपट्टी वाढवायला आलाय समजून एका म्हातारीने तर त्यांना केरसुणी दाखवली होती. आम्ही पोट धरून हसलो.

एकदा मीच विचारलं, "तात्या, उपग्रह वरून सगळं मोजतो. तुम्ही कशाला गुडघे झिजवता?"

तात्यांनी टेप गुंडाळला. "त्यानं उसाचा शेंडा बघितला, गुरुजी. त्येलाच जमीन समजला."

त्यांच्या थोरल्या बहिणीची, आक्कांची वस्ती नदीकाठी. चारी बाजूंनी उभा ऊस. उसाच्या उंचीइतकी जमीनच उंच धरून कॉम्प्युटरने वस्ती कोरडी दाखवली. मागच्या पुरात आक्का सामान बांधून निघाल्या होत्या. तात्यांनीच फोन करून थांबवलं. मग पाणी आलं. आक्कांना होडीतून काढलं, दावणीच्या दोन म्हशी तिथंच बुडाल्या. तेव्हापासून तात्या उसात शिरून स्वतः जमीन मोजतात. हे ऐकल्यावर मला आमच्या हसण्याची लाज वाटली.

यंदा नदी चढू लागली तेव्हा मीच त्यांना वळकटीसकट स्कूटरवरून वस्तीवर सोडलं. नवा नकाशा त्यांनी दहादा तपासला होता. आक्का दारात तांदूळ निवडत होत्या.

"काय म्हनतोय रं तुझा कंपुटर?"

"हितवर पानी येत न्हाई म्हनतोय."

"मग वळकटी कशाला आनलीस?"

तात्या खाली बघत म्हणाले, "मागल्या खेपंलाबी त्यो असंच म्हनला हुता, आक्का."

आक्कांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"तवा त्यो म्हनला हुता. आता तू मोजलंयस न्हवं? मग मी कुटं जात न्हाई," त्या म्हणाल्या आणि वळकटी उचलून आत घेऊन गेल्या.

तात्या मात्र नदीकडे तोंड करून उंबऱ्यावर बसले, ते उठले नाहीत.