निळं पाणी

"बाबा, काचेवर पाणीच येत नाहीये," लेकीने गाडीत बसल्या बसल्या सांगितलं, तेव्हा साडेआठ वाजले होते आणि अकराला तिची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. परीक्षेत चालत्या गाडीत काचेवर पाणी मारून दाखवावं लागतं. नाही आलं की नापास. तीनदा नापास होऊन झालं होतं. सोमवारपासून तिला घरोघरी जाऊन रुग्णांना व्यायाम शिकवायची नोकरी होती आणि परवाना नसेल तर ती जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

लेकीचा चेहरा उतरला, पण बाबांच्या अंगात उत्साह संचारला. ते दातांचे डॉक्टर. तीस वर्षं दाढांमधल्या केसाएवढ्या नळ्या साफ केलेल्या माणसाला बॉनेटवरची पाणी उडवणारी दोन भोकं म्हणजे अगदीच हातचा मळ.

"अहो, मेकॅनिकला बोलवा," बायको दारातून म्हणाली. "मागे तुम्ही मिक्सर दुरुस्त केलात, तेव्हापासून तो नुसता गुरगुरतो."

"मिक्सरचं वेगळं. हे तोंडाचं काम आहे."

खालच्या मजल्यावरच दवाखाना होता. तिथून डॉक्टर सगळ्यांत बारीक सुई घेऊन आले, कपाळाला दिवा बांधला, बॉनेटवर ओणवे झाले आणि सवयीने म्हणाले, "दुखलं तर सांगा हं."

उजव्या भोकातून चिमूटभर माती निघाली. डाव्या भोकातून कट्‌ असा आवाज निघाला आणि त्या तोटीने मान टाकली. पाणी काही आलं नाही. मग बॉनेट उघडलं. आत एक नळी सुटलेली दिसली, ती बसवता बसवता हात कोपरापर्यंत काळे झाले आणि पांढऱ्या कोटाची रया गेली. तरी पाणी नाही ते नाहीच. शेवटी मान खाली घालून त्यांनी मेकॅनिकला फोन लावला. तो नेमका परगावी होता.

"टाकीत काय आहे, डॉक्टरसाहेब?"

"कसली टाकी?"

"पुढच्या बाजूला पांढरी टाकी असेल बघा. रिकामी असणार. साधं पाणी नका घालू, शेवाळ धरतं. निळं पाणी घाला."

"निळं ना? ते तर घरात भरपूर आहे."

मेकॅनिक म्हणत होता ते गाडीच्या दुकानात मिळणारं निळं पाणी. पण या घरात निळं पाणी एकच. इंजेक्शनच्या आधी पेशंटला गुळणी करायला देतात, तोंड बधिर करणारं. डॉक्टरांनी आख्खा कॅन टाकीत रिकामा केला.

लेकीने बटण दाबलं. पाणी आलं आणि ते टपावरून उडून थेट दारात चहा पीत उभ्या असलेल्या बायकोच्या कपात पडलं.

"आता हे मी पिऊ?" बायकोने कप पुढे धरून विचारलं.

डॉक्टरांनी सुईने दोन्ही तोट्या खाली वळवल्या. उजवी ऐकली. मान टाकलेली डावी मात्र हट्टाने बाहेरच्या बाजूलाच बघत राहिली.

"बाबा, हे आडवं उडतंय."

"उडतंय ना? मग झालं तर. चल, उशीर होईल."

परीक्षेच्या मैदानात परीक्षा घेणारे साहेब लेकीच्या डावीकडे बसले. डॉक्टर कुंपणाला चिकटून उभे राहिले. दोन वळणं झाली, चढ झाला, सगळं कसं झकास चाललं होतं. चाक रेषेवर आहे की नाही ते बघायला साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हुकूम सोडला, "काचेवर पाणी मा—"

'रा' काही ऐकू आला नाही. डाव्या तोटीने त्यांच्या उघड्या तोंडाचा अचूक वेध घेतला होता.

"गिळू नका," डॉक्टर कुंपणावरून ओरडले. तीस वर्षांची सवय ती. "गुळणी करा आणि थुंका."

साहेबांनी मुकाट्याने गुळणी केली आणि खिडकीबाहेर थुंकले. इकडे लेकीचा हात जराही हलला नव्हता. तिने वायपर फिरवला, गाडी बरोबर रेषेवर थांबवली, हँडब्रेक ओढला आणि साहेबांना रुमाल दिला.

कुंपणाजवळच्या टेबलाशी क्लार्क पेन घेऊन तयारच होता. "काय लिहू, साहेब?"

"हा... हास," साहेब म्हणाले.

"नापास?"

साहेबांनी जोरजोरात मान हलवली. पण ती होकारार्थी की नकारार्थी ते कोणालाच कळेना. 'पास' म्हणायचं तरी ओठ मिटावे लागतात आणि 'नापास' म्हणायचं तरीही. साहेबांचे ओठ तर जिभेसकट रजेवर गेले होते.

"अर्धा तास राहील तसं," डॉक्टर चाचरत म्हणाले. "गरम काही घेऊ नका."

"म्हणजे नापासच," क्लार्क म्हणाला आणि कागद ओढला. लेकीचे डोळे भरून आले. आपल्या हौसेपायी पोरीची नोकरी गेली, हे डॉक्टरांना दाढेवर दिवा पाडावा इतकं लख्ख दिसलं.

"साहेब, तिचं काही चुकलं नाही," ते पुढे होऊन म्हणाले. "तोटी मी मोडली, पाणी मी भरलं. नापास करायचं तर मला करा."

साहेबांनी त्यांचे काळे हात बघितले, कोट बघितला. मग क्लार्कचं पेन काढून घेऊन सावकाश काहीतरी लिहिलं आणि कागद लेकीपुढे सरकवला. तिने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच तिला हसू फुटलं.

"तोंडावर फवारा बसूनही गाडी रेषेवर थांबली. पास," तिने मोठ्याने वाचलं. "खाली अजून एक ओळ आहे, बाबा. अधोरेखित केलीय."

"काय लिहिलंय?"

"वडील नापास."