हरिबाचा पटका

जतकडच्या हरिबाचा कॉलरबोन मोडला तो त्याच्याच एडक्याच्या धडकेनं. सांगलीत ऑपरेशन होऊन हाडाला धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. डॉक्टरांनी बजावलं, "सहा आठवडे उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. हाड सरकलं तर हात कायमचा अधू होईल." हात गेला तर मेंढरांची लोकर कातरायची कशी? हरिबा धसकला आणि गळ्यातल्या झोळीतला हात तान्ह्या पोरासारखा जपू लागला.

तिसऱ्याच आठवड्यात म्हसवडला भाचीचं, प्रांजलचं लग्न आलं. मामाच्या डोक्याला पटका हवाच. आणि पटका बांधायचा तर दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे लागतात (हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं).

"आवं, द्या हिकडं, मी बांधते," बायको रंगूबाई म्हणाली.

"बायकूच्या हातचा पटका? लोकं काय म्हन्तील?"

"लोकं आपरेशनला आलती व्हय?"

"गप. मी मेल्यावर बांध."

रंगूबाई आहेर घ्यायला आत गेली तशी हरिबानं झोळीतून हात काढला. दोन वेढे झकास बसले. तिसऱ्याला खांद्यात कट्‌ झालं.

बोंब मारावी तर रंगूबाई खरी ठरणार! उरलेला पटका डाव्या हातानं कसाबसा खोचून हरिबा गाडीत बसला. मंगलाष्टकांना भाचीमागे उभा राहिला तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. वऱ्हाड हेलावलं. "मामा असावा तर आसा!" म्हणत नवरदेवाच्या बापानं त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याच खांद्यावर. हरिबा मांडवातच आडवा झाला.

सांगलीत खांद्याचा फोटो काढला. पट्टी वाकली होती, स्क्रू उपटले होते. पुन्हा ऑपरेशन झालं, कमरेचं हाड खरवडून खांद्यात भरलं. मग रोज बोटांनी भिंत चढायचा व्यायाम. सहा महिन्यांत बोटं खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचली आणि तिथंच अडली. आता हात याच्या वर जाणार नाही, हे त्याला एका सकाळी कळलं. भिंतीकडं तोंड करून तो ढसाढसा रडला. या वेळी कौतुक करायला कुणी नव्हतं. कातरी त्यानं धाकट्या भावाला देऊन टाकली.

आता रोज सकाळी तो रंगूबाईसमोर मान खाली घालून बसतो. परवा पारावर त्याचा दोस्त जोतिबानं त्याला नीट निरखलं.

"काय रं हरिबा, घरात लय भांडान झालंय जनू?"

"तुला रं कसं कळलं?"

"समद्या गावाला कळलंय गड्या. सोमवारपासनं पटका डोळ्यावर बांधतीया ती."