वेणूआत्यांचा कोरा दंड

देवीची लस टोचणारा देवी डॉक्टर आळीत शिरला की पोरं माळ्यावर पळत, बाया दारं लावून घेत आणि आमच्या शेजारच्या वेणूआत्या बाही वर सारून ओट्यावर येऊन बसत.

"टोच बे! पाहू तुही लस जिंकते का मी!"

लस बिचारी दर वेळी हरायची. इतरांच्या दंडावर फोड येई, ताप भरे. आत्यांना जराशी खाज सुटे आणि विरून जाई. मग कोरा दंड दाखवत त्या खामगावचा बाजार पालथा घालत.

लहानपणी देवींतून मरता मरता वाचलेल्या बाई. तोंडभर वण. जबर दुखणं काढलेलं रक्त रोगाला ओळखून ठेवतं, पुन्हा शिरू देत नाही, असं देवी डॉक्टर एकदा बोलून गेला आणि आत्यांना जणू पदवीच मिळाली. भाजीवाली अडून बसो की पाहुणा वाद घालो, उत्तर एकच, "माह्या रक्ताले इचारा!" लग्न वणांमुळं मोडलं होतं. "म्याच नाई म्हटलं त्याले," असं त्या ठणकावून सांगत. मला हसू येई.

मग माझ्या लेकीलाच, शालूला, देवी आल्या. टोचणीच्या वेळी आजोळी होती, म्हणून तिची लस राहिली होती. दाराला कडुलिंब लागला, फोडणी बंद झाली, आळीनं आमच्याकडं येणं टाकलं. आत्या मात्र वळकटी घेऊन सरळ आत आल्या. "सरका सारे. मी हाय."

शालू वाचली, पण चेहरा वणांनी भरला. पोर तोंडावर फडकं ओढून कोपऱ्यात बसे. शाळेचं नाव काढलं की रडे. मला ते बघवत नसे.

डॉक्टरच्या पुढच्या खेपेला आत्यांनी तिला ओढतच ओट्यावर नेलं. "हिलेही टोच."

"हिला आता कशाला, आत्या?" मी म्हटलं.

"टोच म्हणते ना!"

काही दिवसांनी दोघींचेही दंड कोरेच. "पाय, तुहं रक्तही पक्कं! चाल बाजारात."

फडकं घरीच राहिलं. बाजारात एका बाईनं "काय झालं वो पोरीच्या तोंडाचं?" म्हणताच शालूनं बाही वर केली. "माह्या रक्ताले इचारा!"

मी आत्यांना म्हटलं, "फार उपकार झाले."

"उपकार कायचे, बाबू?" त्या शालूकडं बघत राहिल्या. "मी हिच्याएवढी होती तवा कितीक वरसं घराबाहीर नाई निघाली. हात धराले कोणी नोतं ना."