विलासअप्पांचा गुणाकार

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आमचे शेजारी विलासअप्पा आधी नाक वर करून वास घेत. गॅस गळतोय का, रॉकेलचा डबा कुठंय, हे बघितल्याशिवाय चहाला हात लावत नसत. मुंबई बंदरात तेलाची जहाजं रिकामी करतात त्या धक्क्यावर अपघाताचे धोके मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन कसबा बावड्यात आले, तरी मोजणं काही सुटलं नाही.

पद्धत सोपी. अपघाताची शक्यता पाचपैकी किती, झालाच तर नुकसान पाचपैकी किती, आणि दोन्हींचा गुणाकार. पंधराच्या वर गेला की काम बंद. तांबडा रस्सा पांढऱ्या सदऱ्यावर सांडण्याची शक्यता चार, नुकसान दोन. आठ आले, म्हणजे पंगत चालू.

माझ्या लग्नात आचाऱ्याच्या भट्टीशेजारी त्यांना जनरेटरच्या डिझेलचे कॅन दिसले. आकडा वीस. मंडळी हातात अक्षता घेऊन ताटकळलेली, भटजी घड्याळ बघतायत, आणि अप्पा माझ्या सासऱ्यांना म्हणतायत, "पावणं, त्या बाजूनं कॅन धरा की." मुहूर्त टळला. सासऱ्यांच्या फेट्याला डिझेलचा वास लागला तो वेगळाच. मला तेव्हा अप्पांचा भयंकर राग आला होता.

पुढं काही वर्षांनी त्यांच्या लेकीला, रेखाला, कोकणातल्या एका बंदरात, तेलाच्याच धक्क्यावर, इंजिनिअरची नोकरी लागली. आई लहानपणीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता, आणि अप्पा दोन दिवस कागद घेऊन बसले होते. ते 'काम बंद' म्हणणार, या धास्तीनं रेखा रडवेली होऊन माझ्याकडं आली. "दादा, तुम्ही सांगा की जरा," म्हणाली.

मी भांडायच्या तयारीनंच गेलो. अप्पा एकटेच घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "धक्क्याचा दहा आला. शक्यता दोन, नुकसान पाच. पोरगी हुशार हाय, जाऊ दे तिला."

मला इतका आनंद झाला, की रेखाला सांगायला मी लगेच उठलो. त्यांनी हाताला धरून परत बसवलं.

"ती गेल्यावर ह्या घरात मी एकटा. त्याचाबी काढला."

"किती आला?"

"पंचवीस," अप्पा म्हणाले. "तिला सांगू नगंस."