रायाजीचं सुतक

बोरीच्या स्टँडमागं पिठाची चक्की चालवणारे माणिकमामा कुणाच्याही घरी सरळ वाटेनं जात नसत. समोरच्या दारी जायचं असलं तरी आधी मारुतीच्या पाराला वळसा, मग कासाराचा बोळ, मग थांबून मागं बघणं, आणि मगच कडी वाजवणं. का, तर कुणी पाळतीवर असू नये. आता हा माणूस डोक्यापासून पायापर्यंत पिठानं माखलेला. वळसा संपेपर्यंत सगळ्या बोळात पांढरी पावलं उमटलेली असायची. पण त्यांना सांगणार कोण? "गोष्ट आपल्यातच ऱ्हाऊ द्या, गुर्जी," असं म्हणून ते अख्ख्या गावाला ठाऊक असलेलं काहीतरी मला सांगून जायचे.

हे खूळ रेडिओनं डोक्यात घातलेलं. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. दर गुरुवारी संध्याकाळी रायाजी नावाच्या हेराची मालिका लागायची. काळ शिवशाहीचा. रायाजी कधी वासुदेव होऊन, कधी बांगड्या विकत मोगलांच्या छावणीत शिरायचा आणि बातमी काढून आणायचा. वेळ झाली की मामा चक्कीचा पट्टा उतरवायचे. इंजिन गप्प, बायांचे डबे रांगेत तसेच.

"मेल्या, दळण दे की आदी! तवा तापायलाय घरी," शेजारची शेवंताबाई ओरडायची.

"काकू, तिकडं रायाजी खंदकात उतरायलाय, अन् तुमाला भाकरीचं पडलंय?"

मी त्या वेळी बोरीच्या शाळेत नवा मास्तर होतो. खोली शोधत हिंडताना लोक आधी आडनाव विचारायचे, आणि सांगितलं की रिकामी खोली तेवढ्यात भरलेली निघायची. मामांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "रेडिओ आवडतो का?" मी हो म्हणालो आणि चक्कीमागची खोली मला मिळाली. त्या बदल्यात दर गुरुवारी मला त्यांच्याशेजारी पोत्यावर बसावं लागायचं, आणि मध्ये खोकलो तर मामांचे वटारलेले डोळे सोसावे लागायचे. ते मी आनंदानं केलं.

आणि एका गुरुवारी रायाजी मेला.

म्हणजे तटावरून बाण सुटला, रायाजी "आई गं" म्हणाला आणि विहिरीत धप्प असा आवाज झाला. मग त्याच्या गावाकडची म्हातारी माय एकटीच बोलताना ऐकू आली, "राया, कवा येतूस रे?" आणि सनई वाजून भाग संपला.

मामांनी रेडिओ बंद केला, त्याला कातडी खोळ चढवली आणि वर टॉवेल पांघरला. दुसऱ्या दिवशी बघतो तर चक्कीला कुलूप, आणि मामा डोकं-मिशी सफाचट करून ओट्यावर बसलेले.

"मामा, कोण गेलं हो?" मी घाबरून विचारलं.

"कोण म्हंजे? आपला रायाजी."

"अहो, ते नाटक आहे! कुणीतरी बसून लिहिलेलं!"

"लिहिलेला मानूस मरत न्हाई का?" मामा म्हणाले. माझं बी.एड. होऊन उपयोग काय!

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेवंताबाईनं शिव्या देत पिठलं-भाकर आणून दिली. पीठ उसनं आणलं होतं, कारण चक्की सुतकात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हापासून कावळ्याचा नि आमचा संबंध सुटलेला. पण मामांना एकटं कसं जाऊ देणार? गाव तर तमाशा बघायला आलंच होतं. दगडावर भाकर ठेवली, वर तिळाची चटणी. कावळे बाभळीवर बसून नुसते बघायले. ऊन चढलं तरी एकही शिवेना.

"इच्छा ऱ्हायली आसंल," कुणीतरी म्हणालं.

मामा हात जोडून म्हणाले, "राया, किल्ला आपन घेऊच." कावळा हलेना. "तुझ्या घोड्याला कडबा घालतो." कावळ्यानं तोंड फिरवलं. लोक हसू दाबून लालबुंद झाले.

"मायचं बोल की, येड्या," शेवंताबाई म्हणाली. "माय हाय ना त्याच्यामागं."

मामांनी बाभळीकडं वर बघितलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "राया, तुझ्या मायला माझ्या घरी आनतो. मरस्तोर सांभाळतो. सपत."

कावळा उतरला आणि भाकर घेऊन उडाला. हसणं बंद. मीसुद्धा, धम्म घेतलेल्या बापाचा मुलगा, चकित होऊन बघत राहिलो.

मग काय विचारता! मामांनी आतली खोली चुन्यानं रंगवली. बाजेला नवी सुतळी विणली. परभणीहून हिरवं लुगडं आणलं. इंजिनाच्या आवाजानं म्हातारीची झोप मोडेल म्हणून मधल्या दाराला गोणपाट ठोकलं.

"मामा, ती बाई पगार घेऊन बोलते हो रेडिओत," मी म्हणालो.

"मंग? पगारी बाईला काय कुनी लागत न्हाई का?"

गुरुवारी अख्खी बोरी चक्कीत. मामांनी खोळ काढली, बटण फिरवलं. आणि काय सांगू, रायाजी विहिरीतून वर आला! बाण नुसता खांद्याला चाटून गेलेला. हलकल्लोळ झाला. पोरांनी पीठ उधळलं. भागाच्या शेवटी रायाजी घरी पोचला, माय रडली, लेक रडला, शेवंताबाईही रडली आणि डोळे पुसत म्हणाली, "मिशी गेली की रे फुकट तुझी!" मामा सगळ्यांबरोबर हसले.

लोक पांगले. मी आत गेलो, तर मामा नव्या बाजेवर बसलेले, मांडीवर लुगड्याची घडी.

"मामा, आनंदाचा दिवस हा."

"व्हय की. लय बरं झालं. लेकराला माय भेटली." थोडा वेळ ते घडीवरून हात फिरवत राहिले. "मी मायचं तोंड न्हाई बगितलं, गुर्जी. बाळंतपनातच गेली. चार दिस नुसतं वाटायलं व्हतं, चक्की बंद करून आत आलो की कुनीतरी इचारंल, आज कामून उशीर केलास म्हनून."

मी तसाच माझ्या खोलीत गेलो.

दुसऱ्या दिवशी चक्की उशिरापर्यंत चालली. इंजिन थांबलं, कुलूप लागल्याचा आवाज आला. मी खोलीतूनच, जरा लाजत, म्हणालो, "मामा, आज कामून उशीर केला?"

बाहेर पावलं थांबली. मग दाराशी येऊन मामा म्हणाले,

"जरासक मोठ्यानं इचारा की, गुर्जी."