तीन प्रतींत आकाशगंगा

बिंदूअण्णा हुद्लीकरांनी आजवर सात आकाशगंगा जिंकल्या, पण पावती घेतल्याशिवाय एकही नाही.

बंगळुरात के. आर. पुरमला आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो, त्या पहिल्याच दिवशी मी स्क्रू-ड्रायव्हर मागायला वर गेलो. नागपूरचा माणूस शेजाऱ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर मागायला जातो तेव्हा चहा पिऊन, त्याच्या मेहुण्याचं लग्न जमवून, स्क्रू-ड्रायव्हर तिथेच विसरून परत येतो. अण्णांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि हातात एक छापील कागद ठेवला. तीन प्रती, मध्ये कार्बन. त्या मागणीपत्राला ते इंडेंट म्हणतात. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'खुंटी'. कागद परत आला.

"देशकर, खुंटी हे कारण नव्हे. खुंटी ही वस्तू. कारण लिहा."

अण्णांनी छत्तीस वर्षं एका सरकारी कारखान्याचं स्टोअर्स सांभाळलं होतं. असं म्हणतात, म्हणजे मीच म्हणतो, की एकदा एक मंत्री कारखाना पाहायला आले, तर अण्णांनी त्यांना आवक रजिस्टरात चढवून घेतलं आणि जाताना नग मोजून सोडलं. कारखान्यात पहिला संगणक आला तो स्टोअर्समध्येच ठेवला गेला, कारण धड कुलूप तिथल्याच दाराला होतं. किल्ली अण्णांकडे. बाकीचे इंजिनिअर त्या यंत्राला हात लावायला इंडेंट भरत बसले, तोवर अण्णा प्रोग्रॅमिंग शिकून मोकळे झाले.

निवृत्तीनंतर माणसं योगासनं करतात, नातवंडांचे फोटो पाठवतात. अण्णांच्या घरात एक माणूस आणि सहा रजिस्टरं. त्यांनी व्हिडिओ गेम लिहायला घेतला. नाव 'नक्षत्रभांडार'. अंतराळातली लढाई, पण बुद्धिबळासारखी. एक चाल तुमची, एक शत्रूची, घाई कुणालाच नाही. "फाईल एका वेळी एकाच टेबलावर असते हो," अण्णा म्हणायचे. "विश्व पण तसंच चालतं."

माझं पोटापाण्याचं कामच सॉफ्टवेअर तपासायचं. त्यामुळे पहिला बळी मी. माझं आरमार शनीच्या कड्यापाशी सज्ज होतं. मी मोठ्या जोशात 'आक्रमण' दाबलं. पडद्यावर आलं: 'इंधनाचे इंडेंट जोडलेले नाही.' जोडलं. पुढच्या चालीला: 'दुसऱ्या प्रतीवर सही नाही.' केली. त्याच्या पुढच्या चालीला: 'भांडारपाल जागेवर नाहीत.' एव्हाना शत्रूने माझा चेंदामेंदा करायला हवा होता. पण शत्रूकडे वार्षिक साठा-मोजणी चालू होती. नियम दोन्ही आकाशगंगांना सारखा.

मी म्हटलं, अण्णा, लोक लेझर सोडायला गेम खेळतात, फॉर्म भरायला नाही.

"लेझर कुणीही सोडेल. सोडल्यावर त्याचा स्पेअर कोण देणार, तुमचा आजा?"

यात एक गोम होती, ती मला बाराव्या दिवशी कळली. हा भांडारपाल कुठून चालतो हे शोधायला मी प्रोग्रॅम उलटापालटा केला, आणि भांडारपाल काही सापडेना. तो प्रोग्रॅममध्ये नव्हताच. तो वरच्या मजल्यावर होता. खेळणाऱ्याचं प्रत्येक इंडेंट अण्णांच्या संगणकावर जायचं, अण्णा चष्मा लावून ते वाचायचे आणि स्वतः सही करायचे. सकाळी दहा ते साडेपाच, रविवार बंद. एवढं यंत्र करेल की, असं मी सुचवलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या जागी यंत्राला वरण-भात खाऊ घालायला निघालो आहे.

अण्णांची इच्छा एवढीच होती, की एकशे वीस चालींचा हा खेळ कुणीतरी एका माणसाने शेवटपर्यंत खेळावा. एकच. पळून जाणाऱ्यांचं त्यांनी रजिस्टर ठेवलं होतं. मी एकोणिसाव्या चालीला पळालो. माझा गेम बनवणारा मित्र शंतनू चौथ्याला. वर, फॉर्म काढा आणि स्फोट घाला, असा सल्लाही देऊन गेला. माझी बायको रूपाली एकसष्टपर्यंत टिकली. मग माझी आई राहायला आली आणि तिला घरातच आघाडी उघडावी लागली.

एका सकाळी अण्णा खाली आले. हातात कागद, तीन प्रती. वर लिहिलं होतं: 'निकामी साहित्य कंडेम करण्याबाबत.' साहित्याचं नाव: नक्षत्रभांडार, नग एक.

"ज्या मालाला कुणी विचारत नाही, तो रॅकवर ठेवू नये. तपासनीस म्हणून तुमची सही लागते."

आवाजात काही नव्हतं. हात मात्र कागद सोडत नव्हता. माझ्या एका सहीने चार वर्षांचं काम पुसलं जाणार होतं. आयुष्यात मी लाख थापा मारल्या असतील, पण त्या क्षणी मला जे सुचलं ते साक्षात गणपतीनेच सुचवलं. मी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि म्हटलं, "अण्णा, जावक क्रमांक नाही."

ते चपापले. मग त्यांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, शिष्याने गुरूचा कान पकडावा तसा आनंद पसरला. "सरी, सरी," म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत कागद घेऊन गेले. परत आले, तर मी तिसरी प्रत पुसट असल्याचं दाखवलं. मग भंगाराचं वजन लिहिलेलं नव्हतं. त्यावर अण्णांनी तीन दिवस विचार केला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेमसकट आणि गेमशिवाय असा दोनदा लॅपटॉप तोलला. दुकानदार म्हणाला, अण्णा, स्वल्प फरक आहे. मी अजूनही म्हणतो, त्याने काट्यावर बोट ठेवलं असणार.

पण त्रुटी किती काढणार? सहावी काढून मी रिता झालो होतो, तेव्हा रूपाली बोम्मसंद्राहून लालबुंद होऊन घरी आली. तिथल्या एका कारखान्यात तिच्या कंपनीने दाखवायला दिलेलं यंत्र परत आणायचं होतं. गेटपासवर एका अक्षराची खाडाखोड होती, म्हणून स्टोअर्सच्या बाईने तिला रिकाम्या हाती परत पाठवलं. "मंजुळा नाव तिचं. वर मला म्हणते, नियम सगळ्यांना सारखा."

मी ताटावरून उठलो. "नंबर घेतलास तिचा?"

मंजुळाचं पहिलं इंडेंट आलं त्या दिवशी अण्णा अनवाणी, उघडा लॅपटॉप देवाच्या ताम्हणासारखा धरून जिना उतरले. "देशकर," ते म्हणाले, "त्रुटी नाही." तीनदा तपासलं होतं त्यांनी. चहाच्या सुट्टीत एक, जेवणाच्या सुट्टीत दोन, अशा तिच्या चाली यायच्या. तिने युद्ध असं केलंच नाही. शत्रूचं आरमार चालून आलं, तेव्हा तिने त्याच्याकडून त्याने पूर्वी उसने नेलेले सोळा पंप परत मागितले. शत्रूला हिशोब जुळवता येईना. त्याची यानं जिथल्या तिथे उभी राहिली आणि मंजुळा एकेका ग्रहाला कुलूप घालत पुढे सरकली. सातवी त्रुटी मी काढली, आणि नंतर अण्णांनी तो कंडेमचा कागद मागितलाच नाही.

एकशे विसावी चाल एका शुक्रवारी दहा वाजता आली. शेवटचं इंडेंट, विजयपत्राचं. अण्णांनी सही केली की खेळ जिंकला. रूपालीने सगळी इमारत गोळा केली, म्हैसूर पाक आला, आम्ही जिन्यात तयार. अकरा वाजले, बारा वाजले, सही होईना. मी आत गेलो. अण्णा पडद्यासमोर बसून होते. मी विचारलं, काही त्रुटी आहे का.

"नाही हो. सगळं बरोबर आहे."

मग?

"सही केली की संपलं ना ते. मग ती कशाला येईल?"

मी स्टूल ओढून बसलो. अण्णांनी छत्तीस वर्षांत 'शेरा' या रकान्यात तीनच गोष्टी लिहिल्या होत्या: 'दिले', 'शिल्लक नाही', 'पुन्हा या'. त्या दिवशी त्यांनी 'दिले' लिहिलं, थांबले, आणि पुढे दोन शब्द घातले. बंगळुरात रोज माणूस माणसाला विचारतो तेच. 'ऊटा आयता?' जेवण झालं का? मग सही केली.

पुढचा जल्लोष असा झाला, की देवनहळ्ळीला विमानं जरा उंचावरून गेली म्हणतात. मंजुळाने आपल्या ओळखीतल्या तमाम स्टोअरवाल्यांना कळवलं, आणि सोमवारी दहाच्या ठोक्याला अण्णांच्या दाराशी, म्हणजे पडद्यावर, बेचाळीस इंडेंटं रांगेत उभी. शंतनू आता फोन करून विचारतो, की ते फॉर्म नेमके कसे केले. अण्णा त्याला लेखी मागणी करायला सांगतात.

पण त्या शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं. लोक पांगल्यावर मी बशा गोळा करत होतो. पडद्यावर मंजुळाचं उत्तर आलेलं होतं. 'आयतु सर. निम्मदू?' झालं सर. तुमचं?

अण्णांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, आणि रजिस्टरात खोटी नोंद करणाऱ्यांतले ते नव्हते. ते उठले, तांदूळ धुतले, कुकर लावला. तीन शिट्ट्या होईपर्यंत आम्ही दोघं ओट्यापाशी उभे होतो. भात, सार, लोणचं. हात धुऊन, पुसून ते पुन्हा संगणकाशी गेले आणि तिच्या ओळीखाली सावकाश टाइप केलं, 'आयतु.'